लेन चालू आहे, असं कोण म्हणतंय?

टोलनाक्याच्या छपराकडे कधी नीट बघितलंय? प्रत्येक लेनच्या डोक्यावर एक दिवा असतो. लेन चालू असेल तर खाली टोक असलेला हिरवा बाण, बंद असेल तर लाल फुली. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, आणि त्यानंतर तर तिकडे बघायचं कारणच फारसं उरलं नाही. आपण रांग बघतो. कुठली रांग छोटी, कुठल्या रांगेत ट्रक कमी, एवढं बघून गाडी घालतो. वर बाण होता की फुली, हे नंतर कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

गेली काही वर्षं मी या दिव्याच्या थोरल्या भावावर काम करतोय. माझं गाव कापूरहोळ. पुणे-सातारा हायवेवर जिथून भोरचा रस्ता फुटतो, ते. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि आमच्या टीमकडे परदेशातल्या एका शहराचं काम आलं. तिथे दोन मोठे फ्रीवे एकमेकांना मिळतात, गाड्या सतत या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जातात, आणि प्रत्येक लेनच्या वर एक सिग्नल लटकतो. कुठली लेन चालू, कुठली बंद, कुठली आता सोडायला लागा, हे तो सांगतो. त्या सिग्नलने कधी काय दाखवायचं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. शहराचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्या कामात मला एक प्रश्न भेटला, तो महत्त्वाचा आहे. हिरवा बाण नक्की काय बोलतो?

लाल फुलीचं सोपं आहे. ती आज्ञा आहे. या लेनमध्ये येऊ नका, संपलं. हिरवा बाण आज्ञा नाही, कारण शेजारच्या लेनमधून गेलात तरी कुणी विचारत नाही. मग ती माहिती आहे का? 'ही लेन चालू आहे' एवढीच? की ते आश्वासन आहे: 'या, पुढे रस्ता मोकळा आहे, मी बघितलंय'?

फरक बारीक वाटेल, पण तो मोठा आहे. माहिती चुकली तर आपण 'अरे, चुकलं' म्हणतो. दिलेला शब्द मोडला तर एवढ्यावर भागत नाही.

बर्फात अडकलेला हात

लेनच्या वर लाल फुली आणि हिरवा बाण ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या लॉज फ्रीवेवर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच टीव्ही कॅमेरे बसवून, कंट्रोल रूममधून रस्ता बघून असे सिग्नल चालवण्याचे प्रयोग झाले. १९६८ च्या व्हिएन्ना करारात, म्हणजे रस्त्यावरच्या खुणा आणि सिग्नल यांच्या आंतरराष्ट्रीय करारात, या दोन्ही चिन्हांना अधिकृत अर्थ मिळाला. भारतही त्या करारात आहे. थोडक्यात, चिन्हं ठरलेली आहेत. ती कधी लावायची, हे मात्र प्रत्येकाला आपापलं ठरवावं लागतं.

आमच्या कामातली बहुतेक ठरवाठरवी कंटाळवाणी होती. हिरव्यावरून थेट लालवर जायचं नाही, मध्ये पिवळा टप्पा हवा. एका कमानीवर फुली लावली तर तिच्या आधीच्या कमानीवर 'लेन बदला' दिसलंच पाहिजे, नाहीतर ड्रायव्हरला अचानक फुलीच सामोरी येते. सिग्नल दर दोन सेकंदाला बदलता कामा नये. अशा नियमांची लांबलचक यादी होती आणि त्यातल्या कशावरच वाद झाला नाही.

वाद झाला एका ओळीवर. कंट्रोल रूम आणि रस्त्यावरची कमान यांच्यातला संपर्क तुटला, तर सिग्नलने काय दाखवायचं?

रेल्वेने या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी किंमत मोजून शोधलं. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे जोराचा बर्फ पडत होता. तेव्हाच्या सिग्नलचा हात 'रस्ता मोकळा' दाखवताना खांबातल्या खाचेत जाऊन बसायचा. बर्फामुळे तो तिथेच अडकला. सिग्नलमनने धोका दाखवायला दांडा ओढला, हात हललाच नाही. एक्सप्रेस मोकळा सिग्नल बघत आली आणि मालगाडीवर आदळली. थोड्या वेळाने समोरून आलेली दुसरी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. त्यानंतर सिग्नलची मूळ स्थितीच 'धोका' हवी, हा विचार पक्का झाला. 'मोकळा' हे प्रत्येक वेळी कुणीतरी मुद्दाम सांगायचं. तार तुटली, वीज गेली, काहीही झालं तरी सिग्नलने आपोआप धोक्याकडे पडायचं.

हे ऐकल्यावर कुणालाही वाटेल, मग रस्त्यावरही तेच करा. संपर्क तुटला की सगळीकडे लाल फुली.

इथे रस्ता आणि रूळ वेगळे होतात. रेल्वेत गाडी थांबली की ती बऱ्यापैकी सुरक्षित असते, कारण मागची गाडी मागच्या सिग्नलला थांबणार असते. फ्रीवेवर थांबणं हाच धोका असतो. पाचही लेनवर एकदम फुली आली तर पहिला घाबरून ब्रेक मारेल, दुसरा 'सिग्नल बिघडलाय' म्हणत तसाच पुढे जाईल, तिसरा पहिल्याच्या मागे आदळेल. रूळावर एक अशी अवस्था असते जिच्याकडे सगळ्या चुका ढकलता येतात. रस्त्यावर तशी अवस्थाच नाही. कुठली चूक कमी वाईट, हे कुणीतरी बसून निवडावं लागतं. निसर्ग किंवा गणित ते निवडून देत नाही. मीटिंगमधली माणसं निवडतात, आणि त्यांच्यापैकी कुणीही त्या लेनमध्ये नसतं.

परवानगी विझते, मनाई टिकते

आमच्यासमोर तीन पर्याय होते. एक, शेवटचं जे दिसत होतं तेच दाखवत राहायचं. दोन, सगळं लाल. तीन, सिग्नल विझवून टाकायचा, काळी पाटी.

ग्राहकाच्या बाजूने पहिला पर्याय पुढे आला. कारण व्यवहारी होतं. संपर्क बहुतेक वेळा काही सेकंदांसाठीच तुटतो, तेवढ्यात रस्त्यावर काय बदलणार? शिवाय सिग्नल विझला की तक्रारी येतात.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. २० सेकंद जुना हिरवा बाण म्हणजे साडेचारशे मीटर अलीकडच्या जगाची बातमी. त्या साडेचारशे मीटरमध्ये एखादा टायर फुटून गाडी उभी राहू शकते. तरीही २० सेकंद कदाचित चालतील. पण दोन मिनिटं? एक तास? 'शेवटचं तेच दाखवा' या नियमात कुठेच शेवट नाही. रात्री अकराला तुटलेला संपर्क सकाळी सहापर्यंत हिरवा बाण जिवंत ठेवू शकतो, आणि त्या सात तासांत त्या लेनकडे एकही डोळा नसतो. बाण मात्र तितकाच हिरवा, तितकाच ठाम.

माझा आक्षेप हा होता. आपण काही खोटं बोलत नाही, असं यात म्हणता येतं, कारण कुणी मुद्दाम काही चुकीचं लावलेलं नसतं. पण 'मी बघतोय' असा ज्याचा अर्थ आहे ते चिन्ह, बघणं बंद झाल्यावरही चालू ठेवणं, हे खोटंच. खोटं बोलायला दरवेळी तोंड उघडावं लागत नाही. कधी कधी ते वेळेवर बंद न करणंही पुरतं.

शेवटी जे ठरलं ते सांगायला सोपं आहे. कमानीवरच्या छोट्या कंट्रोलरला ठरलेल्या सेकंदांत कंट्रोल रूमचा निरोप आला नाही, तर तो हिरवा बाण विझवतो. फुली असेल तर फुली तशीच ठेवतो. परवानगी आपोआप विझते, मनाई टिकते. याला एक अपवाद, दोन्ही दिशांना आलटून पालटून वापरायच्या लेनचा. तिथे काळी पाटीसुद्धा चालत नाही, कारण समोरून गाडी येऊ शकते. तिथे दोन्ही टोकांना लाल, रेल्वेसारखं. आणि दोन्ही टोकांना एकदम हिरवं लागणार नाही याची खात्री एकट्या सॉफ्टवेअरवर सोडायची नाही, हार्डवेअरनेही ती वेगळी तपासायची.

मला हा नियम रस्त्याबाहेरही पटतो. कुणी सहा वर्षांपूर्वी 'हो, चालेल' म्हटलं म्हणून ते आजही चालेल असं धरणं, आणि कुणी एकदा 'नको' म्हटलं तर ते 'नको' त्या माणसाने स्वतः मागे घेईपर्यंत मानणं, यात सभ्यपणाचा बराच मोठा भाग येतो.

पण हा नियम मांडून मोकळं होता येत नाही.

मिनिटांची बेरीज

टिकणाऱ्या मनाईचा त्रास असा, की ती शिळी होते. लेनमध्ये काम चालू होतं, काम संपलं, माणसं घरी गेली, फुली राहिली. ड्रायव्हर फुली पाळून शेजारच्या लेनमध्ये घुसतो, रांगेत रखडतो, आणि बंद लेनकडे बघतो तर ती स्वच्छ रिकामी. असं तीनदा झालं की चौथ्यांदा तो फुलीखालून जातो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा ती खोटारड्या पोराची गोष्ट म्हणून सांगतो. तिच्यात गावकऱ्यांचंही काही होतं, हे आपण विसरतो. त्यांची मेंढरं गेली.

आता हिशोब करून बघू. समजा चुकीच्या फुलीमुळे १,००० गाड्यांची प्रत्येकी तीन मिनिटं गेली. ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास. याउलट चुकीच्या हिरव्या बाणामुळे एक गाडी उभ्या ट्रकवर आदळली. एका पारड्यात ५० तास आणि दुसऱ्या पारड्यात एक माणूस. वाहतुकीच्या प्रकल्पांत असे हिशोब खरोखर होतात, वाचलेल्या मिनिटांना रुपयांत किंमत लावली जाते.

माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती, की मिनिटं बेरजेत येतात, माणसं येत नाहीत. हजार जणांची तीन-तीन मिनिटं कुणाच्याच आयुष्यात एकत्र साठत नाहीत. प्रत्येकाची फक्त तीन मिनिटं गेली, एखादं गाणं ऐकण्याएवढी. मृत्यू मात्र अख्खा एकाच्याच वाट्याला येतो. त्यामुळे शंका आली की फुली लावा, मिनिटं गेली तर जाऊ देत.

नंतर लक्षात आलं की हा युक्तिवाद बरोबर असला तरी अर्धा आहे. चुकीच्या फुलीची खरी किंमत मिनिटांत नसतेच. ती विश्वासात असते. आज वाया गेलेली फुली उद्याच्या खऱ्या फुलीचं वजन कमी करते, आणि उद्या त्या फुलीच्या मागे रस्त्यावर वाकून काम करणारा कामगार असतो. म्हणजे दोन्ही पारड्यांत माणसंच आहेत. एकात आजचा, दुसऱ्यात उद्याचा. 'शंका आली की बंद करा' हे ऐकायला काळजीचं वाटतं. पण ते वारंवार केलं तर आपली जबाबदारी आपण उद्यावर ढकलत असतो, आणि वर स्वतःला सावध म्हणवून घेत असतो.

यातून सुटका सॉफ्टवेअरने होत नाही, हे मला पचायला वेळ लागला. शिळी फुली काढायची तर कुणीतरी बघायला जावं लागतं. कॅमेरा खराब असेल, पाऊस असेल, तर रात्री दोन वाजता गाडी घेऊन माणूस जावा लागतो. आमच्या डॉक्युमेंटमध्ये एक ओळ होती, की फुली ठरावीक वेळेहून जास्त टिकली तर गस्तीच्या गाडीला कळवावं. ती ओळ लिहायला दोन मिनिटं लागली. ती खरी व्हायला तिथल्या लोकांना रात्रपाळीची माणसं नेमावी लागणार होती, आणि सगळ्यात जास्त घासाघीस त्याच ओळीवर झाली. सिग्नल लावणं हा एकदाचा खर्च असतो. शब्द पाळणं हा रोजचा.

आप्पांचा आक्षेप

हे सगळं मी एकदा गावी चुलत्यांना सांगत होतो. आप्पा पिकअप चालवतात, पहाटे मार्केट यार्डला भाजी नेतात. माझं काम त्यांना कुणीतरी विचारलं की सांगता यावं, एवढ्यासाठी ते ऐकत होते.

"म्हंजी वर फुली आली की म्या लेन सोडायची?"

"हो आप्पा."

"आन् माझ्या मागचा टँकरवाला?"

"त्यानेही सोडायची."

"आरं, त्यानं न्हाई सोडली तर? म्या फुली बघून हळू झालो, त्यो बघंना. मंग मला कुणी मारलं, फुलीनं का टँकरनं?"

मला उत्तर द्यायला जमलं नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. मी तोपर्यंत सिग्नलकडे दोघांमधली गोष्ट म्हणून बघत होतो. एक सांगणारा, एक ऐकणारा. आप्पांनी तिसरा माणूस आणला. सिग्नल मला रस्त्याबद्दल सांगतोच, पण त्याहून जास्त तो मला बाकीच्यांबद्दल सांगतो: ते काय करतील, मी त्यांच्याकडून काय धरून चालावं. फुली तेव्हाच फुली असते, जेव्हा मला माहीत असतं की मागचाही ती पाळणार आहे, आणि त्यालाही माहीत असतं की मी पाळणार आहे. हे नसेल तर जो पाळतो तोच आधी मरतो.

आप्पा रोज ज्या रस्त्याने जातात तिथे हा प्रश्न कल्पनेतला नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावर एका अवजड गाडीने कितीतरी गाड्यांना धडक दिली. अशा उतारावर पुढे काही झालंय हे मागच्याला वेळेत कळणं, हाच जगण्याचा प्रश्न असतो. पण कळून उपयोग तेव्हा, जेव्हा सगळ्यांना एकाच वेळी कळेल आणि सगळे एकच गोष्ट करतील.

म्हणून दंड हवा, असं वाटतं. ब्रिटनने २०१९ मध्ये कायदा बदलून लाल फुलीखालून जाणाऱ्यांना कॅमेऱ्यावरून पकडायची सोय केली. आपल्याकडे मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर २०२४ पासून कमानींवरचे कॅमेरे वेग आणि लेन मोडणं पकडतात, चलन थेट मोबाइलवर येतं. आप्पांच्या टँकरवाल्याला हेच उत्तर आहे.

पण त्याचा दुसरा परिणामही बघा. एक्स्प्रेस-वेवर कमान दिसली की गाड्या दचकून हळू होतात आणि कमान गेली की पुन्हा सुटतात. ड्रायव्हरच्या मनात कमान म्हणजे पावतीपुस्तक. जी वस्तू आपल्याला फक्त दंडच करते, ती कधी सावध करायला लागली तरी आपण तिचं ऐकत नाही, आपण तिला चुकवतो. दंडाने फुलीला वजन येतं हे खरं. पण दंड घेणाऱ्याने फुली खरी ठेवली असेल तरच. शिळ्या फुलीखाली पावती फाडणं म्हणजे स्वतः शब्द मोडून समोरच्याकडून वसुली करणं.

आपल्या कायद्यात यासाठी एक जागा आहे, तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल यांचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयाने काय बघावं याची यादीही कलमात आहे. त्यात दोन गोष्टी येतात: तिथे धोका आहे हे यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि वेळेत दुरुस्ती शक्य नव्हती तर इशाऱ्याचे फलक लावले होते का. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे दरवेळी पुरत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा 'चालकाचं नियंत्रण सुटलं' एवढंच वाचतो. ते वाक्य खोटं नसतं. पण चालकाला काय सांगितलं होतं, हे त्यात कधीच नसतं.

नॉइज

रस्त्यावरच्या रडारला सगळंच दिसतं. गाड्या, पाऊस, पक्षी, उडणारी प्लॅस्टिकची पिशवी. त्यामुळे काय धरायचं आणि काय सोडायचं हे आधी सांगावं लागतं. सोडायच्या गोष्टींना आम्ही 'नॉइज' म्हणतो. आमच्याकडे आलेल्या यादीत एक ओळ होती: वाहतुकीच्या उलट दिशेने, कमी वेगाने जाणारी छोटी वस्तू म्हणजे नॉइज.

त्या शहरात कदाचित ते ठीक असेल. पण मी कापूरहोळचा. उलट दिशेने, कमी वेगाने जाणारी छोटी वस्तू म्हणजे काय, ते मला माहीत आहे. ती टू-व्हीलर असते. पुढे वळायला लांब जावं लागतं म्हणून कडेने उलटी येणारी. तिच्यावर दुधाचे कॅन असतात, कधी मागे शाळेतलं पोर असतं. हायवे भोर तालुक्यातून जातो, पण तो भोर तालुक्यासाठी नाही. तो पुण्याहून साताऱ्याला, मुंबईहून बंगळुरूला जाणाऱ्यांचा आहे. गावाला त्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायचं असतं, आणि ही गरज बहुतेक डिझाइनमध्ये अडथळा म्हणून नोंदवली जाते.

उलट येणारा नियम मोडतोय, यात शंका नाही. त्याच्यामुळे सरळ येणाराही मरू शकतो. मग हिरव्या बाणाने दिलेला शब्द त्याला लागू होतो का? मला वाटतं, प्रश्नच उलटा विचारायला हवा. बाण शब्द देतो तो सरळ येणाऱ्याला: 'पुढे रस्ता मोकळा आहे.' समोरून टू-व्हीलर येत असेल तर तो मोकळा नाही. ती तिथे असायला हवी होती की नव्हती, याने रस्ता मोकळा होत नाही. नियमाला ती मान्य नाही म्हणून सेन्सरला ती दिसू नये, असं म्हणणं म्हणजे जग कसं असावं आणि जग कसं आहे यांची गल्लत. ती ओळ बदलली गेली. आता अशी वस्तू वेगळी नोंदवली जाते आणि ऑपरेटरला दिसते. पुढे काय करायचं ते माणूस ठरवतो.

डांबराच्या जागी शब्द

ब्रिटनने २००६ मध्ये एम-४२ या मोटरवेवर एक प्रयोग सुरू केला. कडेची लेन एरवी बंद पडलेल्या गाड्यांसाठी मोकळी ठेवलेली असते. गर्दीच्या वेळी ती वाहतुकीला खुली करायची. गाडी बंद पडली तर वरच्या सिग्नलवर फुली लावायची. पुढे बऱ्याच ठिकाणी ती कडेची लेन कायमचीच वाहतुकीची झाली. रस्ता रुंद न करता एक लेन मिळाली. हिशोब छान होता. पण बंद पडलेली गाडी कॅमेऱ्याला दिसून फुली लागेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात ती गाडी चालू लेनमध्ये उभी असते. माणसं गेली, लोकांचा विश्वास उडाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारने असे नवे रस्ते बांधायचे नाहीत असं जाहीर केलं. कारणांत खर्चासोबत लोकांचा विश्वास नसणं हेही होतं.

मी याकडे असं बघतो: तिथे डांबर काढून घेतलं आणि त्या जागी शब्द दिला. आधी गाडी बंद पडली की तिच्यासाठी जागा होती, कुणी बघत असो वा नसो. नंतर जागेऐवजी 'आम्ही बघतोय' हे वाक्य होतं. वाक्य स्वस्त पडतं. जागा मात्र रात्री दोनलाही जागी असते.

आपल्याकडे पुढच्या काही वर्षांत अशा कमानी वाढणार. चांदणी चौकाचंच घ्या. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा चौक खुला झाला, आणि सुरुवातीला कुठला रॅम्प कुठे जातो हे न कळून कितीतरी पुणेकर भलतीकडे पोचले. अशा ठिकाणी वर स्पष्ट सांगणारं काहीतरी हवंच. त्याच्या विरोधात मी नाही, माझं पोट त्यावर चालतं. पण लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. ही खूण ज्या गोष्टीची हमी देते ती गोष्ट खरंच कुणी बघतंय का? बघणं थांबलं तर खूण विझते का? आणि ती अशा जागी आहे का, जिथे ऐकणाऱ्याला अजून काही निवडता येईल?

तिसरा प्रश्न मला गावाने शिकवला. पावसाळ्यात वरंध घाट बंद होतो. पुण्याकडून महाडला जाणारा माणूस कापूरहोळला हायवे सोडून भोरकडे वळतो. घाट बंद आहे हे त्याला कापूरहोळच्या फाट्यावर कळलं तर तो दुसरा रस्ता धरतो. तेच त्याला भोर मागे टाकून, नीरा-देवघरच्या पाण्याकडेने तासभर गेल्यावर, पाटीवर कळलं, तर तो चिडतो, आणि 'बघू तरी कितपत बंद आहे' म्हणत पुढे जातो. पाटी तीच, शब्द तेच, दोन्हीकडे खरेच. एका जागी ते मदत करतात, दुसऱ्या जागी फक्त आपली जबाबदारी झटकतात.

सिग्नल बनवणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड वाटतं ते 'मला माहीत नाही' हे दाखवणं. काळी पाटी बिघडल्यासारखी दिसते, तिच्यावर तक्रारी येतात, तिचे फोटो काढून लोक हसतात. हिरव्या बाणाचा फोटो कुणी काढत नाही. तरीही ज्या यंत्राला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काही किंमत नाही. माणसांचंही तसंच आहे. आणि ज्यांना काळी पाटी दाखवायची लाज वाटते, त्यांनी रस्त्यावर हिरवा बाण लावू नये.